डावीकडचा ब्रेक

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी फार दमलेली आहे. बोलता बोलता मध्येच थांबले तर समजून घ्या.

मी एक पांढरी चारचाकी आहे. पांढरी आपली म्हणायची. आता मी कुठे पिवळट आहे, कुठे राखाडी. उजवं दार तर माझं नाहीच, ते दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं आणून बसवलं आहे. पुढच्या आणि मागच्या काचेवर लाल रंगात इंग्रजी 'एल' काढलेला आहे. चालवणारा अजून शिकतो आहे, जरा सांभाळून राहा, असा त्याचा अर्थ. सगळ्या गाड्या माझ्यापासून चार हात लांब राहतात, ते मला मान देतात म्हणून नव्हे.

इतर गाड्यांचं बरं असतं. त्यांना एक मालक मिळतो. तो सुरुवातीला चुका करतो, मग शिकतो, मग दोघांचं जमून जातं. माझ्याकडे दर महिन्याला नवी माणसं आली आणि त्यांनी त्याच चुका पुन्हा पहिल्यापासून केल्या. हात बसला की ती निघून गेली. पुढे त्यांनी आपल्या नव्या कोऱ्या गाड्या फार कुठे आपटल्या नसतील, कारण आपटायचं ते सगळं माझ्यावर आपटून झालं होतं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. उजेड खूप होता एवढंच आठवतं. माझे पहिले मालक कामोठ्यातले एक निवृत्त गृहस्थ होते. ते मला रोज पुसायचे आणि रविवारी देवळापर्यंत न्यायचे. दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. मग मला गोटीराम शेठनी घेतलं.

गोटीराम शेठ मूळ कामोठे गावचे. जिथे आज सेक्टर आहेत तिथे त्यांच्या वडिलांची भातशेती होती. शेती शहरात गेली, त्यांच्या वाट्याला एक इमारत आली. इमारतीच्या खालच्या गाळ्यात त्यांनी आपल्या मुलीच्या नावाने 'जागृती मोटार ड्रायव्हिंग स्कूल' उघडलं होतं. कळंबोलीच्या एका गॅरेजमध्ये नेऊन त्यांनी माझ्या डाव्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक बसवून घेतला. त्या दिवसापासून माझ्यात पुढे दोन माणसं बसू लागली. एक चालवणारं, आणि एक त्याला वाचवणारं.

उज्वलाबाई आल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपारची वेळ होती. मी गाळ्यासमोर उभी होते. चौतिशीची एक बाई एका हाताने नऊ वर्षांच्या मुलीला धरून आली, आणि आत जायच्या ऐवजी आधी माझ्याभोवती एक फेरी मारून आली. खिडकीला कपाळ टेकवून तिने माझे पेडल पाहिले.

त्या साताऱ्याकडच्या, पाटणच्या बाजूच्या एका वाडीतल्या. त्यांचे यजमान ज्योतिबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते, पाठीवर गोणी वाहायचे. लहानपणी उज्वलाबाई बाजाराला जाताना माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये पुढे, अगदी गियरला चिकटून बसायच्या आणि ड्रायव्हरच्या पायांकडे टक लावून बघायच्या. घरी येऊन पिठाच्या चाळणीचं स्टिअरिंग करायच्या. त्यावरून मार खाल्ला होता म्हणे. हे सगळं त्यांनी नंतर शिकवताना कुणाकुणाला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

गोटीराम शेठनी त्यांना बाकावर बसवलं आणि विचारलं, "गारी हाय का गो बाय तुज्या घरान?"

"नाही."

"नवऱ्याला घ्यायची हाय?"

"नाही हो. ते मार्केटला बसने जातात."

"मंग शिकून करशील काय?"

उज्वलाबाईंनी एकदा बाहेर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ते नाही माहीत. पण मला आली पाहिजे."

शेठ हसले, पण फॉर्म पुढे सरकवला.

मित्रांनो, मी खोटं सांगणार नाही. उज्वलाबाई काही पहिल्या दिवसापासून झोकात चालवत नव्हत्या. मानसरोवर स्टेशनच्या रस्त्यावर त्यांनी मला पंधरा मिनिटांत अकरा वेळा बंद पाडलं. मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. शिकवणारा कुंदन, शेठचा पुतण्या, कपाळाला हात लावून म्हणाला, "मावशी, टेन्शन नका घेऊ, पण खरं सांगू का? हे तुमचं काम नाय." उज्वलाबाईंनी परत चावी फिरवली.

मुलगी उत्कर्षा मागच्या सीटवर बसलेली असायची, मांडीवर दप्तर घेऊन. घरी कुणी नसायचं, म्हणून तिला बरोबर आणावं लागे. ती तिथेच गृहपाठ करायची. मी धक्के देत निघाले की तिच्या वहीतली ओळ वेडीवाकडी व्हायची. पण तिने कधी तक्रार केली नाही.

परवान्याच्या परीक्षेच्या दिवशी मला मागे घेताना उज्वलाबाईंनी खुणेसाठी रोवलेला बांबू पाडला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी कागदावर खूण केली आणि पुढच्याला बोलावलं. उज्वलाबाई येऊन माझ्यात बसल्या. मागून उत्कर्षाने विचारलं, "आई, तू नापास झालीस?"

"झाले."

"मग आता?"

"आता काय, पुढच्या महिन्यात परत."

पुढच्या महिन्यात त्या पास झाल्या. त्या रविवारी शेठनी त्यांना मला तासभर वापरायला दिलं. ज्योतिबा मागे बसले. गाडी हलताच त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. "तू चालव. मी बघत न्हाय," म्हणाले. खांदा कॉलनीपर्यंत जाऊन परत येईस्तोवर त्यांनी डोळे उघडले नाहीत. उतरल्यावर मात्र सोसायटीच्या वॉचमनला म्हणाले, "मिशेसनं आणलं."

कामोठे गावातल्या बायका तेव्हा गाडी शिकायला येऊ लागल्या होत्या. घरोघरी मोठाल्या गाड्या उभ्या होत्या, मुलगे कामाला गेले की चालवायला कुणी नसे. पण कुंदनशेजारी बसायला त्या लाजायच्या. एक दिवस शेठच्या नात्यातल्या पुतळाबाई, पंचावन्न वर्षांच्या, नऊवारी नेसलेल्या, गाळ्यात येऊन म्हणाल्या, "मना बाईमानूस पायजे शिकवाला. नायतर मी चालली." शेठनी विचार केला आणि उज्वलाबाईंना बोलावणं धाडलं. पुढे शिकवण्याचा परवाना वगैरे सगळं रीतसर झालं.

पहिल्या दिवशी पुतळाबाईंनी खाली वाकून पाहिलं. "यातला ब्रेक कनचा गो?"

"मधला."

"आन् तुज्याकरं पन हाय?"

"आहे. तुम्ही विसरलात तर मी दाबीन."

"मंग मी कशाला ध्यानान ठेवू?" असं म्हणून पुतळाबाई इतक्या हसल्या की माझ्या काचा थरथरल्या. त्या दीड महिन्यात शिकल्या आणि उरणला माहेरी स्वतः गाडी चालवत गेल्या.

त्यानंतरची अकरा वर्षं उज्वलाबाई डावीकडे बसल्या. सकाळी सातपासून दुपारी एक, मग चारपासून आठ. उजवा पाय सदोदित त्या डावीकडच्या ब्रेकवर उचलून धरलेला. बघा जरा असं करून. पाय जमिनीवर टेकवायचा नाही, पेडल दाबायचंही नाही, नुसता वर धरून ठेवायचा, आणि तोंडाने शांतपणे सांगत राहायचं, "छान, आता हळूच क्लच सोडा." पाच मिनिटांत पोटरी भरून येते. त्यांनी ते अकरा वर्षं केलं. त्यांच्या हाताखाली नर्सबाई शिकल्या, शिक्षिका शिकल्या, भाजीचा टेम्पो चालवायला निघालेली एक विधवा शिकली. पेढे आले, फोटो निघाले. फोटोत मी मागे उभी असायची. माझा क्लच चार वेळा बदलला, सीटचा स्पंज बाहेर आला, पण बायका जाताना माझ्या बॉनेटवर हात ठेवून जायच्या. ते मला पुरायचं.

हे सगळं मागच्या सीटवरून एक जण बघत होती.

उत्कर्षा आठवीत असेल तेव्हाची गोष्ट. एका शिकत आलेल्या बाईंना मोठ्या रस्त्याची सवय व्हावी म्हणून उज्वलाबाईंनी मला उरण रोडला नेलं. करळ फाट्यापुढे कंटेनर लादलेल्या ट्रेलरची रांग लागली होती. आम्ही तिच्या बाजूला अडकलो. लांबवर बंदराच्या क्रेन दिसत होत्या. त्यातली एक क्रेन कंटेनर उचलून, अगदी हळू, दुसऱ्यावर ठेवत होती.

"आई, ती कोण चालवतं?"

"असतील माणसं."

"वर बसतात?"

"बसत असतील."

"त्यांना कोण शिकवतं?"

उज्वलाबाईंचं लक्ष रस्त्यावर होतं. त्या म्हणाल्या, "आमच्यासारखंच कोणीतरी असेल गं." रांग हलली. उत्कर्षा मागच्या काचेतून बघत राहिली.

दहावीनंतर तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा घेतला. तो झाला, आणि एका संध्याकाळी तिने सांगितलं की द्रोणागिरीला क्रेन चालवण्याचं शिक्षण देणाऱ्या एका केंद्रात तिची निवड झाली आहे. आम्ही कळंबोली सर्कलच्या सिग्नलला होतो. उज्वलाबाई चालवत होत्या, ज्योतिबा शेजारी. सिग्नल हिरवा झाला तरी उज्वलाबाईंनी मला हलवलं नाही.

"काही गरज नाही," त्या म्हणाल्या. "मी हे सगळं कशासाठी केलं? तू एसीत बसून काम करावंस म्हणून."

"क्रेनच्या केबिनमध्ये एसी असतो, आई."

"मला शिकवू नकोस."

"जाऊ दे की गं पोरीला," ज्योतिबा हळूच म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुमची पाठ कशी गेली ते मी बघितलंय. सकाळी उठताना भिंत धरावी लागते तुम्हाला. माझा गुडघा रात्रभर ठणकतो. अंगमेहनतच ती. वर बसून केली काय न् खाली बसून केली काय. या घरात एकाचं तरी अंग धड राहू दे."

मागून हॉर्न सुरू झाले. उत्कर्षा एवढंच बोलली, "शेठनी तुलाही विचारलं होतं, शिकून करशील काय म्हणून. विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस? मी तिथंच होते ना."

सिग्नल परत लाल व्हायच्या आत उज्वलाबाईंनी मला पुढे काढलं. पण सोमवारी सकाळी उज्वलाबाईंनी शेठकडून मला मागून घेतलं आणि मुलीला द्रोणागिरीला सोडून आल्या. हो म्हणाल्या नाहीत. नुसत्या सोडून आल्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

त्याच महिन्यात संघप्रिया नावाच्या एक प्राध्यापिका शिकायला येत होत्या. सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर वळण घेताना समोर अचानक एक सायकल आली. बाई घाबरल्या आणि ब्रेकऐवजी त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर पडला. मी उसळले. उज्वलाबाईंनी ब्रेक दाबला. अकरा वर्षांत त्यांचा पाय कधी चुकला नव्हता, त्या दिवशीही चुकला नाही. पण गुडघ्यात कळ आली आणि पाय डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढा उशिरा पोचला. बाईंनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलेलं होतं. मी एका कंपाउंडच्या भिंतीवर गेले. माझं उजवं दार आत घुसलं.

सायकलवाला वाचला. संघप्रियाबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं. उज्वलाबाईंचा गुडघा मात्र पेडलवर तसाच पिळवटला गेला होता.

"मॅडम, चूक माझी आहे," संघप्रियाबाई रडत म्हणत होत्या. "तुम्ही ब्रेक लावला होता."

"उशिरा लागला," उज्वलाबाई म्हणाल्या. "उशिरा लागला हो." तेच वाक्य त्या रिक्षात बसेपर्यंत म्हणत होत्या.

डॉक्टरांनी तीन महिने पायावर जोर द्यायचा नाही असं सांगितलं. शेठनी माझं दार बदलून आणलं, पण मला चालवायला कुणी उरलं नव्हतं. कुंदन केव्हाच आपल्या धंद्याला लागला होता. उज्वलाबाईंच्या इमारतीच्या आवारात, पाण्याच्या टाकीमागे, मला उभं करून ठेवलं. तीन महिन्यांचे चार झाले. माझ्या टपावर मांजरं झोपली. बॉनेटवर धूळ बसली, धुळीवर कुणीतरी बोटाने नाव लिहिलं, त्यावर परत धूळ बसली. उज्वलाबाई काठी टेकत भाजीला जायच्या. माझ्या बाजूने जाताना मान वळवायच्या नाहीत. मी रागावले नाही. दमलेल्या माणसाला दमलेल्या गाडीकडे बघवत नसेल.

मग एका दुपारी माझं दार उघडलं. उत्कर्षा होती. चावी तिने घरातून आणली असावी. ती चालवायच्या सीटवर बसली, काचा वर केल्या आणि नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी परत तसंच. अंगात केंद्राचा युनिफॉर्म, मांडीवर डबा. घरी ती शिकायला गेली आहे असंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी काठीचा आवाज आला. उज्वलाबाईंनी डावीकडचं दार उघडलं, कण्हत आत बसल्या, पाय हाताने उचलून आत घेतला. अपघातानंतर त्या पहिल्यांदा माझ्यात बसत होत्या. सवयीने डावीकडेच बसल्या.

"आज सुट्टी?"

"हो."

"कालपण होती. टाकीचं पाणी बघायला वॉचमन आला होता, त्याने सांगितलं मला."

उत्कर्षाने मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडून परत लावलं. मग एकदम बोलू लागली. कॉम्प्युटरवरच्या खोट्या क्रेनवर ती पहिली आली होती. पण खऱ्या क्रेनची शिडी चढायची वेळ आली आणि ती मध्यावर अडकली. "हातच सुटेनात, आई. वर जाता येईना, खाली उतरता येईना. खालून सर सांगत होते, खाली बघू नकोस. मी बघितलं. शेवटी एक जण वर आला न् एकेक पाय धरून त्याने मला उतरवलं. सगळी बॅच बघत होती. दुसऱ्या दिवशी परत तेच."

"बरं."

"बरं काय? मला नाही जमणार. मी तुझ्यासारखी नाही. तुला कधी भीतीच वाटली नाही. मी मागे बसून बघितलंय ना सगळं. रिक्षावाले ओरडायचे, बायका किंचाळायच्या, तू आपली शांत."

उज्वलाबाई थोडा वेळ समोरच्या काचेकडे बघत राहिल्या. काचेतून टाकीशिवाय काही दिसत नव्हतं.

"मागच्या सीटवरून तुला माझी पाठ दिसायची," त्या म्हणाल्या. "तोंड कुठे दिसायचं?"

उत्कर्षाने मान वळवली.

"रोज सकाळी पावणेसातला मी येऊन या गाडीत एकटी बसायचे. हात असे कापायचे. पहिलं वर्षभर तर उलटी व्हायची, गाळ्याच्या मागे जाऊन. वाटायचं, आज कुणीतरी मरणार माझ्या हातून. कुणाचं तरी पोर आडवं येणार."

"रोज?"

"रोज. तुला शाळेत सोडून परत आले की दुसरी बॅच, त्याच्या आधी परत."

मित्रांनो, हे खरं आहे. मी साक्षीदार आहे. त्या पंधरा मिनिटांत त्यांचे हात माझ्या स्टिअरिंगवर असायचे आणि स्टिअरिंग थरथरायचं, इंजिन बंद असताना. ही गोष्ट जगात फक्त मला ठाऊक होती, आणि मला तर बोलता येत नव्हतं.

"मग कशी चालवायचीस तू?" उत्कर्षाने विचारलं.

"सात वाजायचे. पहिली बाई यायची. ती माझ्याहून जास्त घाबरलेली असायची. मग तिचं बघावं लागायचं. माझं राहून जायचं." त्या जरा हसल्या. "त्यात काही मोठं नाही."

"मला वाटायचं..."

"मीच वाटू दिलं गं. पोरगी मागे बसलीय, तिला कशाला सांगा. सांगायला पाहिजे होतं."

टपावरून मांजराने उडी मारली.

"परत जाऊ का मी?" उत्कर्षाने विचारलं.

"ते मी सांगणार नाही. माझी तर पहिल्यापासून ना होती. अजून आहे." उज्वलाबाईंनी पदराने डॅशबोर्डवरची धूळ पुसली. "पण जायचं असलं, तर मी येते बरोबर."

"तुझा गुडघा?"

"तू चालव. मी इथं बसते."

सकाळी निघायचं ठरलं, पण मी सुरूच होईना. चार महिन्यांत माझी बॅटरी उतरून गेली होती. मला किती लाज वाटली म्हणून सांगू! ज्योतिबा खाली आले आणि पाठीला पट्टा असतानाही मागे उभे राहून मला ढकलू लागले. शेठ कुठल्याशा लग्नाला निघाले होते. पांढऱ्या कडक कपड्यांत ते रस्त्यावरून धावत आले. "ओ ज्योतिबा, पाठ मोरेल तुजी! सरक बाजूला!" म्हणत त्यांनीही खांदा लावला. दोघं मिळून ढकलत होते आणि आत उत्कर्षा सेकंड गियर टाकून बसली होती. गेटबाहेरच्या उतारावर मी खोकले आणि सुरू झाले. शेठच्या शर्टाच्या खांद्यावर माझी धूळ उमटली होती.

गव्हाण फाट्यापर्यंत उज्वलाबाईंचा पाय ब्रेकवर होता. दुखरा पाय, तरी उचलून धरलेला. आईकडूनच शिकलेली उत्कर्षा नीट चालवत होती, आरशात बघत होती, ट्रेलरना जागा देत होती. फाटा ओलांडल्यावर उज्वलाबाईंनी पाय खाली घेतला, मग दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली दुमडले. दुसरं कुणी चालवत असताना त्यांचा पाय त्या ब्रेकवर नाही, असं अकरा वर्षांत पहिल्यांदाच झालं. मला हलकं वाटलं. भीतीही वाटली.

त्या दिवशी शिडीवर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. परत येताना उत्कर्षाने आईला सांगितलं ते ऐकलं. ती पुन्हा त्याच जागी अडकली. हात कापू लागले. खालून सर म्हणाले, उतर. ती म्हणाली, "सर, कापू दे जरा." थोडा वेळ ती तशीच लटकून राहिली. मग एक पायरी चढली. वर पोचल्यावर केबिनच्या काचेच्या जमिनीवर पाय ठेवताना तिला रडू आलं. सरांनी वायरलेसवर विचारलं, बरी आहेस का. तिने सांगितलं, "नाही. पण वर आहे."

यंदा तिला बंदराजवळच्या एका यार्डात काम मिळालं. तिच्या हाती पहिल्यांदा एकटीच्या भरवशावर क्रेन दिली त्या दिवशी उज्वलाबाई आणि ज्योतिबा मला घेऊन द्रोणागिरीला गेले. आत सोडत नाहीत. मग त्यांनी मला रस्त्याच्या कडेला उभं केलं. भिंतीपलीकडे पाच-सहा क्रेन दिसत होत्या, सगळ्या सारख्या, सगळ्या उंच. केबिन एवढ्याशा.

"ती तिसरी," उज्वलाबाई म्हणाल्या.

"तीच कशावरून?"

"चाल बघा की. धक्का न देता उचलते. टेकवताना बघा कशी थांबते मध्ये. आपलीच आहे."

चार तास उज्वलाबाई त्या तिसऱ्या क्रेनकडे बघत होत्या. पाण्याची बाटली संपली. डबा त्यांनी मांडीवर उघडला, पण मान खाली घालून खाल्लं नाही. एकदा कंटेनर हवेत जरा झुलला तेव्हा त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि उभ्या असलेल्या गाडीचा ब्रेक त्यांनी जीव खाऊन दाबला. ज्योतिबांनी या वेळी डोळे मिटले नव्हते.

पाळी संपली. उत्कर्षा हेल्मेट काखेत मारून गेटबाहेर आली. चेहरा उतरलेला, पाय ओढत होती. मागच्या सीटवर येऊन पडलीच.

"बघितलं आम्ही," उज्वलाबाई म्हणाल्या. "सगळं बघितलं. तिसरी ना?"

उत्कर्षाने डोळे उघडले. "आई, माझी क्रेन पलीकडे होती, खाडीच्या बाजूला. इथून दिसतच नाही ती."

ज्योतिबा हसायला लागले. पाठ धरून हसत राहिले. उज्वलाबाई मात्र वळून त्या तिसऱ्या क्रेनकडे बघत होत्या.

"मग ती कोण होती?"

"असेल कुणीतरी."

"कुणी का असेना," उज्वलाबाई म्हणाल्या. "चांगली चालवत होती हो."

मित्रांनो, माझी पंधरा वर्षं भरली. कागद संपले. पुढच्या महिन्यात मला तोडायला नेतील असं शेठ बोलत होते, आणि बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण उरलेल्या दिवसांत मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. मी लोखंडाची आहे.

माझं सांगणं वेगळंच आहे. तुमच्या घरात कुणी तरी असं असेल, ज्याच्याकडे बघून तुम्हाला वाटलं, आपणही काहीतरी होऊ शकतो. संध्याकाळी ते माणूस घरी आलं की एकदा विचारा, "आज दमलीस का?" किंवा "दमलात का?" "छे, कुठे," असंच उत्तर येईल. ते खरं मानू नका. पाण्याचा तांब्या आणून ठेवा, आणि जरा वेळ जवळ बसा.